जाकाला पाट देणारे

आमच्या भैंसा गावातल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं आडनावच पाटवाले आहे असं वाटायचं. लॉरीचं चाक बदलायचं असलं की आम्ही बाकीचे ड्रायव्हर हातात लॉरी उचलायचा जाक घेऊन उतरायचो; हे गृहस्थ आधी पाट घेऊन उतरायचे. सागवानाचा, हातभर लांब, चार बोटं जाड, घरात जेवायला बसतो तसला पाट. तो जमिनीवर ठेवायचे, त्यावर दोन्ही पायांनी उभे राहायचे, डुगडुगतो का पाहायचे, आणि मग त्यावर जाक बसवायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, “पाव्हणा घरी आला त तुमी त्याले भुईवर बसवता का? मंग याले काऊन बसवता?” आमच्या काळ्या मातीत पाऊस पडून गेला की जाकाचा दांडा कितीही हलवा, लॉरी वर यायच्याऐवजी जाकच खाली जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावर पाटाचा उपाय शोधून काढला तो त्यांनी.

मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते लपणार नाही. आता माझी ऐंशी उलटून गेली, पाटवाले जाऊनही बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. अडचण अशी की त्यांच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं काही मला तेव्हाही सापडलं नव्हतं, आणि माझा खरा त्रास तोच होता.

शेठच्या जिनिंगमध्ये तेव्हा दोन लॉऱ्या होत्या. निजामाचं राज्य होतं, जर्मन-जपानची लढाई चालू होती, पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं आणि नवा टायर डोळ्यांना दिसत नव्हता. ठिगळावर ठिगळ लावलेल्या टायरांवर आम्ही कापसाच्या गाठी बासरच्या स्टेशनावर पोचवायचो आणि उटनूरच्या जंगलातल्या खेड्यांतून कापूस आणायचो. पहिली लॉरी माझी. मी हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मोटारीवर हात साफ केलेला. उर्दूत लिहिलेलं माझं लायसन चौकट करून घराच्या भिंतीवर देवांच्या शेजारी लावलेलं होतं. मी गावात हॉर्न वाजवत शिरलो की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग दुसऱ्या लॉरीवर हे आले. तलमडुगुचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ. आधी जंगलाच्या एका ठेकेदाराकडे सागवानाची लॉरी चालवत होते. जंगलातून नुसत्या गाडीवाटेनं ओंडके आणलेला माणूस म्हणून शेठनं त्यांना घेतलं. पहिल्या दिवशी मी त्यांची लॉरी नाल्यातून जाताना पाहिली आणि मनात म्हटलं, एवढ्या वेळात मी दोन फेऱ्या मारीन.

त्यांची चाक बदलायची पद्धत पाहणं म्हणजे सहनशक्तीची परीक्षा होती. आधी लॉरीतल्या सगळ्या माणसांना खाली उतरवायचं, अगदी शेठलासुद्धा. मग बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. मग चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच त्याचे नट थोडे ढिले करायचे, कारण लॉरी उचलल्यावर नटांशी झटापट केली की ती हलते. मग पाट. मग चाकांना जोडणाऱ्या लोखंडी आसाखाली जाक, तोही नेमक्या जागी. लॉरी वर आली की आसाखाली दोन सागवानी ठोकळे सरकवायचे, आणि त्यानंतर चाकाला हात. “लॉरी जाकावर नाई उभी ठेवाची. जाक उचलतो, ठोकळा सांभाळतो,” असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. जवळ कोणी नसलं तरी म्हणायचे, हे मी स्वतः ऐकलं आहे.

एकदा बासरच्या रस्त्यावर कोणाच्या तरी बैलाच्या नालेचे खिळे सांडले होते. पुढे माझी लॉरी, मागे त्यांची. दोन्हींची चाकं एकाच जागी बसली. मी अंगरखा काढला, जाक ठोकला, चाक बदललं आणि निघालो. तोवर पाटवाले दगड शोधत होते. मी स्टेशनावर गाठी उतरवून विडी पेटवली तरी त्यांचा पत्ता नाही. आज शेठला फरक कळेल, असं मला वाटलं. शेठ स्टेशनावर हजरच होते. मला एकट्याला पाहून घाबऱ्या घाबऱ्या जवळ आले आणि म्हणाले, “पाटवाले किधर हैं? बरे आहेत ना?” मी चाक बदलून वेळेत आलो, ह्याची त्यांनी चौकशीही केली नाही.

घरीही तेच. माझी बायको मनानं साधी, तिच्या पोटात काही राहायचं नाही. उटनूरची फेरी असली की विचारायची, “संगं कोन हाय?” मी एकटाच म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. पाटवाले आहेत म्हटलं की म्हणायची, “मंग बरं हाय. ते असले की मले घोर नसतो.” ज्या घराच्या भिंतीवर माझं लायसन लावलेलं, त्या घरात हे ऐकायचं! एकदा मी चिडून म्हणालो, “मंग त्यायच्याच घरी जाऊन ऱ्हाय.” ती म्हणाली, “त्यायची बायको बी लय चांगली हाय.” पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

त्यांचं एक बोलणं मात्र मी गुपचूप पाळायला लागलो होतो. आमच्याकडे जुना दात्यांचा जाक होता. त्याच्यावर वजन असताना दांडा त्यातच ठेवला आणि खटका सुटला की दांडा फटकन वर उडतो. पाटवाले दांडा काढून बाजूला ठेवायचे, आणि उभे राहायचे तेही एका अंगाला, तोंड जाकावर न आणता. मी हसलो होतो. पुढल्याच आठवड्यात त्या दांड्यानं माझं कपाळ फोडलं. घरी दाराची चौकट लागली म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाटवाल्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत. एखादा टोमणा तरी मारायचा होता. मला तेवढाच आधार झाला असता.

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या. शेठनं एक घेतली. हिरवी, उंच, छातीसारखं पुढे आलेलं तोंड, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिची चारही चाकं ओढायची. आमच्या लॉऱ्या चिखलात मागच्या चाकांवर रडत बसायच्या. ही त्यातून बैलासारखी निघायची. जिनिंगच्या आवारात ती उभी राहिली त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मी रोज सकाळी जाऊन तिच्या दारावर हात फिरवायचो. एके दिवशी माझ्याआधी पाटवाले तिथे उभे होते. त्यांचाही हात दारावर होता.

शेठ हुशार माणूस. त्यांनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, “दसऱ्याला पहिली खेप उटनूरला. मी सोबत बसणार. जाताना ह्या डायवरजींनी चालवायची, येताना पाटवाल्यांनी. मग मी ठरवतो, गाडी कोणाची.” लॉरीसोबत जाक आलेला नव्हता. तो आणायला त्यांनी आम्हा दोघांनाच निजामाबादच्या कबाडी बाजारात पाठवलं.

निजामाबादेला निघण्याच्या आदल्या दिवशी पाटवाल्यांनी नव्या लॉरीच्या एका चाकाची सगळी हवा सोडली. मला वाटलं वेड लागलं. ते खाली वाकून आस आणि जमीन यांच्यातलं अंतर सुतळीनं मोजत होते. “चाक बसल्यावर आस खाली येते, भाऊ. तवा त्याच्याखाली जो मावंल तोच जाक घ्याचा. हवा भरलेल्या लॉरीचं माप काय कामाचं?” मग पूर्ण हवा भरून, चाक उचलायला किती उंची लागेल त्याची दुसरी गाठ मारली. दोन गाठींची ती सुतळी खिशात घालून ते निजामाबादेला आले.

बाजारात मला एक तेलाचा जाक दिसला आणि मी त्याच्यावर भाळलो. विलायती, लाल रंगाचा, दोन बोटांनी दांडा हलवला तरी वर यायचा. पाटवाल्यांनी एक बुटका, काळा, आट्यांचा जाक उचलला. तो फिरवून फिरवून वर आणायचा, म्हणजे घाम निघणार. त्यांनी त्याला सुतळी लावली, आटे बोटानं चाचपले, डोक्यावरच्या खाचा नखानं खरवडल्या. कबाड्यानं वैतागून विचारलं, “अजी मियां, जाक लेने आए कि रिश्ता करने?” पाटवाले म्हणाले, “रिश्ताच समजो.” मग त्यांनी माझा लाल जाक एका लोखंडाच्या ढिगाखाली लावून वर उचलायला लावला, बाजूला एक काडी उभी करून खूण केली, आणि सगळ्यांना चहा पाजला. चहा संपला तेव्हा जाक काडीच्या जाडीएवढा खाली उतरला होता.

“तेल गळून राह्यलं,” ते म्हणाले. “आट्यांचा जाक फिरवल्याबिगर खाली येत नाई.”

“काडीभर?” मी म्हणालो. “तुमी काडीभर बघून राह्यले? आन् घाम गाळाले लागते ते नाई बघत?”

“घाम वाळते, भाऊ.”

मी लालच घेतला. शेठनं दोन्ही ठेवले. ज्याची पाळी, त्याचा जाक, असं ठरलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी कोणी हत्याराला कामासाठी हात लावत नाही. लोहार घण पुजतो, शेतकरी नांगर, आम्ही ड्रायव्हर लॉरी आणि तिचं सामान. मी लाल जाक पाण्यानं धुतला, त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर त्याच्या डोक्यावर चांगला जाड थापला. नारळ फोडला. पाटवाल्यांनी आपल्या काळ्या जाकाच्या पायाशी एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले, एवढंच. मी म्हणालो, “देवाले बी काटकसर?” ते म्हणाले, “तेल आट्यायले द्याचं, डोक्याले नाई.” शेठ बाजूलाच होते. त्यांना माझी पूजा आवडली, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मी त्या दिवशी फार खूश होतो.

दसऱ्याच्या सकाळी उजाडताना मी आवारात गेलो तर पाटवाले माझ्या जाकापाशी उकिडवे बसलेले. हातात चुलीतली राख आणि चिंधी. माझ्या जाकाचं डोकं त्यांनी पुसून कोरडं केलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी पूजा पुसली! माझी लॉरी, माझा दसरा, आणि हा माणूस माझ्या देवाचा शेंदूर पुसतो!

“भाऊ, ऐका,” ते म्हणू लागले, “हे डोकं आधीच गुळगुळीत हाय, त्यावर तेल…”

“हात काढा,” मी म्हणालो. “तुमाले माजं बघवत नाई, हे मले ठाऊक हाय.”

हे मी त्यांना म्हणालो, मी! ते उठले आणि चिंधी झटकून गेले. मी घरी गेलो, वाटीत उरलेला शेंदूर आणला आणि पुन्हा थापला, आदल्या दिवसाहून जास्त. कारण कळत नव्हतं असं नाही. तेलकट डोक्यावर लोखंडी आस टिकत नाही, हे आठ वर्षं लॉरी चालवलेल्या माणसाला समजत नसेल का? समजत होतं. पण ते त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मला मानायचं नव्हतं.

निर्मळपर्यंत लॉरी अशी गेली की मी जन्मभर विसरणार नाही. शेठ मध्ये, पाटवाले दाराशी, मागे मिठाची पोती. निर्मळ सोडून उटनूरच्या जंगलात शिरलो, आणि एका चढावर मागचं चाक फुटलं. चढ तसा मोठा नव्हता. मुरूम, खाली ओल. शेठनं खिशातलं घड्याळ काढलं. त्यांच्या मनात काय होतं देव जाणे, पण मला ते घड्याळ दिसलं आणि मी लाल जाक घेऊन उडी मारली.

पाटवाले पाट घेऊन आले. मी म्हणालो, “पाळी माजी हाय.” ते दगड लावू लागले. मी म्हणालो, “मी लावीन.” दोनच लावले. दांडा हलवला, लॉरी लोण्यासारखी वर आली. शेठ म्हणाले, “वा!” जादा चाक लॉरीच्या पोटाखाली मागे अडकवलेलं होतं. ते सोडवायला मी पाठीवर पडून आत सरकलो, पाय बाहेर. पाटवाल्यांचा आवाज आला, “ठोकळा लावू द्या, भाऊ.” मी आतूनच ओरडलो, “काही गरज नाई!”

त्यांनी माझं ऐकलं नाही. ते आसाखाली ठोकळा सरकवत असताना जाकाच्या डोक्यावरून आस निसटला. मला एक करकर आवाज ऐकू आला, मग दणका, आणि लॉरीचं पोट माझ्या छातीपासून वीतभर वर येऊन थांबलं. मी ओरडत बाहेर सरकलो. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. आस ठोकळ्यावर बसला होता, आणि ठोकळा आणि आस यांच्यामध्ये पाटवाल्यांचा उजवा हात होता.

ते ओरडले नाहीत. कपाळ जमिनीला टेकवून थोडा वेळ नुसते श्वास घेत राहिले. शेठ त्यांना ओढायला धावले. मी लाल जाक पुन्हा खाली घालायला लागलो.

“तो नाई,” पाटवाले म्हणाले. “घाई करू नका. घाई केली त हात बी जाईल आन् लॉरी बी. शेठ, चाकायले दगड लावा. सगळ्या. पुढून बी.”

शेठनं जन्मात दगड उचलला नसेल, पण उचलला.

“भाऊ, आता पाट.”

मी पाट आणला. आयुष्यात पहिल्यांदा तो मी जमिनीवर ठेवला. ते म्हणाले, “उभे ऱ्हा त्याच्यावर.” मी उभा राहिलो. डुगडुगला. “काढा. मुरूम सपाट करा. पुन्हा ठेवा.” मी पुन्हा ठेवला. तो डुगडुगायचा थांबेपर्यंत तीन वेळा त्यांनी मला तो काढायला लावला, आणि तोवर त्यांचा हात आसाखाली होता.

“माजा जाक. आसाच्या मधात नाई, चाकाकडं. हां.” मग किंचित थांबून म्हणाले, “त्याचं डोकं पुसा.”

त्यांच्या जाकाच्या डोक्याला काही लागलेलं नव्हतं. तरी ते तसं म्हणाले आणि मी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. तेव्हा मला कळलं की दुसऱ्यांदा थापलेला शेंदूरही त्यांनी पाहिला होता.

“आता फिरवा. सावकाश. मी थांबतो.”

मी फिरवत गेलो. आटा आटा करत लॉरी वर आली. हात मोकळा झाल्यावरही त्यांनी आधी दुसरा ठोकळा लावायला सांगितला आणि मग ते आडवे झाले.

निर्मळच्या दवाखान्यात अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. शेठनं विचारलं, जाक कसा काय सटकला? मी तोंड उघडायच्या आत पाटवाले म्हणाले, “जागा वाईट व्हती.” डॉक्टरनं विचारलं, तेव्हाही तेच. त्यांनी मला वाचवलं ते एकदा लॉरीखाली आणि एकदा तिथे, आणि दोन्ही वेळा मी मुकाट्यानं वाचलो.

इतकं झाल्यावर तरी माझी जळजळ थांबावी की नाही? थांबली नाही. ते दवाखान्यात असताना भैंशाहून माणसांची रीघ लागली. कोणी पेरू, कोणी दूध, कोणी अंगारा. माझी बायको एक दिवसाआड पाटवाल्यांसाठी भाकऱ्यांचा डबा पाठवायची आणि वर लोण्याचा गोळा. मी तो डबा घेऊन जायचो. जाताना वाटायचं, माझा हात गेला असता तर एवढी माणसं आली असती का? चेंगरलेल्या हाताचाही मी हेवा केला. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

लॉरी मला मिळाली. दुसरं कोण होतं? अंगठ्याशिवाय तसलं जड स्टिअरिंग धरता येत नाही. पाटवाले तलमडुगुला परत गेले, वडिलांची ज्वारी-कापसाची शेती पाहू लागले. जाताना पाट आणि ठोकळे लॉरीत ठेवून गेले. कोणी सांगायची गरज पडली नाही. मी ते वापरू लागलो. लोक मला घाबरट म्हणायला लागले. मी दरवर्षी तलमडुगुला कापूस भरायला जायचो, हॉर्न वाजवत, जुन्या सवयीनं. दरवर्षी त्यांच्या घरी जायचो आणि दरवर्षी त्यांची बायको सांगायची, “वावरात गेले हायेत.” मी समजलो. हात तोडणाऱ्या माणसाचं तोंड कोण पाहील? मी कापूस भरायचो आणि निघायचो.

निजामाचं राज्य गेलं, जिनिंग बंद पडली, लॉरी भंगारात निघाली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी बसनं तलमडुगुला गेलो. पाटवाले ह्या वेळी घरी होते. ओसरीवर बसून डाव्या हातानं तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहून उठले, “या, भाऊ,” म्हणाले आणि आतून चहा मागवला. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं. म्हटलं, दुसऱ्यांदा शेंदूर मी मुद्दाम लावला होता. तुम्ही पुसला म्हणून. मला सगळं कळत होतं.

“मले माईत व्हतं,” ते म्हणाले. “तेच सांगाले आले का एवढ्या लांब?”

ते शेंगा सोलत राहिले. मग त्यांनी विचारलं, “ते लॉरी उटनूरच्या चढावर कोन्त्या गेरात चढे?”

मी सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं, भर पावसात नाल्यातून निघायची का, भरलेली असताना उतारावर ब्रेक कसा धरायची, मागच्या चाकांइतका जोर पुढच्या चाकांना खरंच होता का. मी सांगत गेलो. चहा आला, संपला, दुसरा आला. ते डोळे बारीक करून ऐकत होते आणि सोललेल्या शेंगांची टरफलं पुन्हा सोलत होते. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

“एक सांगू, भाऊ?” शेवटी ते म्हणाले. “तुमी दरवर्षी कापूस न्याले याचे ना, तवा मी मुद्दाम वावरात जाऊन बसो. हॉर्न ऐकू आला की घरून उठो. तुमाले वाटलं असन हाताचा राग हाय. हाताचा राग नवता. मले ते लॉरी पायजे व्हती. तुमाले तिच्यात बसलेलं पाह्यलं की माज्या पोटात आग पडे. लय जळलो मी तुमच्यावर.”

मला आनंद झाला. खोटं सांगत नाही, एवढा आनंद मला लॉरी मिळाली त्या दिवशीही झाला नव्हता. ज्याच्यावर जन्मभर जळलो, तो माझ्यावर जळत होता! मी हसलो, मोठ्यानं हसलो, आणि तेही हसायला लागले. मग चहाचा कप उचलायला त्यांनी विसरून उजवा हात पुढे केला. तीन बोटांच्या त्या हातातून कप निसटला आणि ओसरीवर फुटला, आणि मी हसायचा थांबलो.